आपले बेसबॉल कार्ड

मुलांनो, बेसबॉल हा चेंडू-फळीचा खेळ अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. तिथे पुष्कळ मुले खेळाडूंची छापील कार्डे जमवतात. काही जण तर स्वतःच कार्ड तयार करतात. चला, आपणही करू या.

जाड कागदाचा सुमारे ६.५ सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर उंच तुकडा कापा. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र काढा. खाली नाव लिहा. चित्र हुबेहूब नसले तरी चालेल.

पण कार्ड कोणाचे करायचे? जॉश गिब्सनचे करू या. त्याचा जन्म १९११ साली जॉर्जिया राज्यात झाला. तो चेंडू फार लांब टोलवी. पण तो कृष्णवर्णीय होता, म्हणून मोठ्या संघांनी त्याला घेतलेच नाही. जानेवारी १९४७ मध्ये तो वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संघातून मैदानात उतरला! गिब्सनचे आकडे मुख्य नोंदींत आले ते २०२४ मध्ये.

आता कार्ड उलटा. मला ही बाजू जास्त आवडते. इथे लिहा : संघ – होमस्टेड ग्रेज. फलंदाजीची सरासरी – ०.३७२. त्याच्या सगळ्या सामन्यांच्या नोंदी मिळालेल्या नाहीत. म्हणून जो आकडा ठाऊक नाही, तो मनाने लिहू नका. ती जागा कोरी ठेवा.

दुसरे कार्ड तुमच्या शाळेतल्या, कधीच बक्षीस न मिळालेल्या खेळाडूचे करा. त्याचे आकडे त्यालाच विचारा.