संगणकावरील प्रगतिपत्रक : शिक्षकांसाठी काही सूचना

प्रगतिपत्रक हे सत्राच्या अखेरीस पालकांच्या हाती पडत असले, तरी त्यातील प्रत्येक नोंद ही वर्गात, फळ्यापुढे, मूल वाचत असता किंवा गणित करीत असता निर्माण झालेली असते. संगणक त्या नोंदींची बेरीज करतो, श्रेणी लावतो व सुबक अक्षरात कागद छापून देतो. परंतु नोंद तो निर्माण करीत नाही. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे पुष्कळदा असे होते की, पत्रक देखणे निघते आणि मूल त्यात कोठेच आढळत नाही. म्हणून संगणकावर प्रगतिपत्रक तयार करताना कोणत्या ठिकाणी सावध असावे, ह्याचा थोडा तपशीलवार विचार येथे करावयाचा आहे.

२० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आली. तीत आकारिक व संकलित असे दोन भाग असून त्यांचा भार इयत्तेगणिक बदलतो : पहिली-दुसरीस ७० व ३०, तिसरी-चौथीस ६० व ४०, पाचवी-सहावीस ५० व ५०, आणि सातवी-आठवीस ४० व ६०. पुढे २०२३-२४ पासून पाचवी व आठवीच्या वर्गांसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद झाली, तेव्हा त्या दोन इयत्तांच्या बाबतीत अद्ययावत परिपत्रक पाहूनच तक्ता मांडावा. बहुतेक शाळांत एक्सेलचे जे तयार निकालपत्रक वापरात असते, ते कोणा उत्साही शिक्षकाने आपल्या वर्गापुरते केलेले व हस्ते-परहस्ते आलेले असते. त्याचे श्रम वंदनीय आहेत. तथापि तिसरीसाठी केलेले पत्रक सहावीस लावले, तर ६० व ४० चा भार तसाच राहतो, आणि संगणक त्याबद्दल तक्रार करीत नाही. पत्रक हाती येताच प्रथम एका काल्पनिक मुलाचे गुण भरून पाहावे, तेच गणित वहीत करावे, आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच पुढे जावे. ह्यास दहा मिनिटे लागतात.

आता रिकाम्या रकान्याविषयी. हा विषय क्षुल्लक दिसतो, पण सर्वांत अधिक अन्याय येथेच होतो. समजा, चौथीच्या एका मुलीस गणितात आकारिक मूल्यमापनात ६० पैकी ४७ गुण आहेत, आणि संकलित चाचणीच्या वेळी ती गोवर आल्यामुळे गैरहजर होती. शिक्षकाने तो रकाना रिकामा सोडला. बेरजेचे सूत्र रिकाम्या रकान्यास शून्य समजते. मुलीस १०० पैकी ४७ गुण व क-२ श्रेणी मिळते. तीच मुलगी बरी होऊन आल्यावर तिची चाचणी घेतली आणि तीत ४० पैकी २९ गुण मिळाले, तर बेरीज ७६ होऊन श्रेणी ब-१ ठरते. म्हणजे गोवराच्या आठवड्याने तिची श्रेणी तीन पायऱ्या खाली ढकलली असती. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की, सरासरीचे सूत्र रिकामा रकाना मुळीच मोजत नाही. त्यामुळे एकाच पत्रकात बेरीज एक सांगते व सरासरी दुसरेच. गैरहजर मुलाच्या रकान्यात 'गै' असे अक्षर लिहावे. अधिकचिन्हाने मांडलेली बेरीज अशा वेळी चूक दाखविते. ती दाखवू द्यावी, कारण त्या चुकीमुळेच ह्या मुलाची चाचणी राहिली आहे हे ध्यानात राहते. शून्य हा गुण आहे, रिकामा रकाना हा गुण नव्हे, हे सूत्रास कळत नाही; ते शिक्षकानेच कळून असावे.

श्रेणींच्या सीमारेषांवरही असाच घोटाळा होतो. तक्त्यात ७१ ते ८० ला ब-१ व ८१ ते ९० ला अ-२ असे लिहिलेले असते. सात विषयांच्या ७०० पैकी एखाद्या मुलास ५६४ गुण मिळाले, तर शेकडा ८०.५७ येतात. ही संख्या वरील दोन्ही गटांत बसत नाही. सूत्र कसे मांडले आहे त्यावर श्रेणीचा रकाना रिकामा तरी राहतो, किंवा ब-१ तरी दाखवितो. त्यातच शेकडेवारीचा रकाना दशांशाशिवाय दिसेल असा ठेवलेला असला, तर कागदावर ८१ छापले जाते व शेजारी ब-१; आणि चौकस पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारतो, त्याचे काही चुकत नाही. दिसणारी संख्या व साठविलेली संख्या ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्णांक करावयाचे असल्यास ते सूत्रातच करावे, नुसत्या दिसण्यात नव्हे. आणि अर्धा किंवा त्याहून अधिक अपूर्णांक पुढे ओढावयाचा की नाही, हे मुख्याध्यापकांनी सत्रारंभी केंद्रप्रमुखांस विचारून सर्व वर्गांसाठी एकदाच ठरवावे. पाचवीच्या वर्गशिक्षकाने पुढे ओढावा आणि सहावीच्या शिक्षिकेने ओढू नये, असे एका छपराखाली चालू नये.

यादी क्रमवार लावताना होणारी चूक तर फारच भयंकर आहे. नावे वर्णानुक्रमे लावावयाची म्हणून शिक्षक केवळ नावांचा रकाना निवडतो व क्रम बदलतो. नावे हलतात, गुण जागच्या जागी राहतात, आणि क्षणार्धात साऱ्या वर्गाचे गुण एकमेकांच्या पदरी पडतात. संगणक आधी विचारतो की शेजारचे रकानेही सोबत घ्यावयाचे का. घाईत लोक नको म्हणतात. म्हणून क्रम लावण्यापूर्वी संपूर्ण तक्ता निवडावा, आणि त्याहीपूर्वी फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. गुण भरून झाल्यावर दोन शिक्षकांनी समोरासमोर बसावे. एकाने नोंदवहीतून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. ही जुनी रीत कारकुनी वाटेल, पण तिला पर्याय अद्याप सापडलेला नाही.

अक्षरांच्या बाबतीत थोडक्यात इतकेच की, नावे युनिकोड मराठीतच लिहावी. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपी पद्धतीने लिहिलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडल्यास ती वाचता न येणाऱ्या चिन्हांची रांग होते. इंग्रजी नाव मात्र जनरल रजिस्टर व आधार ह्यांच्याशी अक्षरशः ताडून पाहावे, कारण 'अपार' क्रमांक काढतेवेळी एका अक्षराचा फरकही आड येतो.

आता वर्णनात्मक नोंदींकडे वळू. विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक, हे तीन रकाने प्रगतिपत्रकाचा प्राण होत. ह्या नोंदींच्या तयार याद्या आजकाल भ्रमणध्वनीवरून फिरत असतात. त्यांतील एक वाक्य उचलावे, पहिल्या मुलापुढे ठेवावे व खाली ओढत न्यावे, की चाळीस मुले एकाच वेळी 'चित्रकलेत रस घेतात'. वेळ वाचतो, हे खरे. आणि शिक्षकावर नोंदींचा भार अतोनात आहे, हेही खरे. एकच गुण प्रगतिपत्रकात, निकालपत्रकात आणि नियतकालिक चाचणीचा असल्यास विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवरही भरावयाचा, ही स्थिती काही शिक्षकाने निर्माण केलेली नाही. पण तयार वाक्याने नोंदीचा हेतूच नाहीसा होतो. पुढील वर्षीच्या शिक्षकास 'गणितात सुधारणा आवश्यक' ह्यावरून काय समजावे? त्याऐवजी 'हातच्याची वजाबाकी अडते. नाणी हाती दिल्यास जमते' असे लिहिले, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यास कोठून आरंभ करावा हे कळते. उरणच्या किनाऱ्यावरील एखादा मुलगा मासळीच्या वाट्यांचा हिशेब तोंडी बिनचूक करतो व कागदावर अडखळतो; ही गोष्ट कोणत्याही तयार यादीत सापडणार नाही. दैनंदिन निरीक्षणाच्या वहीत रोज दोन मुलांविषयी एकेक ओळ लिहिली, तर सत्रअखेर चाळीस मुलांच्या नोंदी जवळ असतात आणि संगणकावर त्या केवळ उतरवून घ्यावयाच्या राहतात.

नवी मुंबईच्या भोवतालच्या शाळांना एका प्रश्नाला विशेष तोंड द्यावे लागते, तो म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांचा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९९२ च्या १ जानेवारीस नवी मुंबई महानगरपालिका आली, २०१६ मध्ये पनवेलची. विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावे उठली. इमारतींच्या बांधकामांवर, खाणींत, वीटभट्ट्यांवर काम करणारी कुटुंबे मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून येतात आणि काम संपले की हलतात. अशा मुलाचा कागद हरवतो, पण क्रमांक हरवू नये, ह्यासाठीच २०१५ साली 'सरल' प्रणाली आणण्यात आली, आणि पुढे यूडायस प्लसमध्येही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. शाळेच्या ११ अंकी सांकेतांकाखाली मूल पटावर असते. मूल शाळा सोडून गेले की जुन्या शाळेने त्यास ड्रॉपबॉक्समध्ये सोडावे लागते. त्यानंतरच नव्या शाळेस त्याला आपल्याकडे घेता येते. जुन्या शाळेत हे एक बटण दाबावयाचे राहिले, तर मूल वर्गात बसलेले असूनही पटावर नसते, आणि पुस्तके, गणवेश, पोषण आहार ह्या सर्वांची मोजणी पटावरून होते.

येथे एक कायदेशीर बाब स्पष्ट असावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवू अथवा नाकारू नये. आणि दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. संगणकावर नोंद सरकली नाही म्हणून मुलास दाराबाहेर ठेवता येत नाही. त्यास वर्गात बसवावे, हजेरी मांडावी, आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांस दूरध्वनी करावा.

मात्र पटावरील नोंद सरकली म्हणजे प्रगतीही सरकली, असे नव्हे. मूल कोणत्या शब्दावर अडते, कोणते पाढे त्यास येतात, हे त्या क्रमांकात नसते. म्हणून हंगाम पाहून, म्हणजे पावसाळ्याआधी वीटभट्टी बंद होण्याच्या सुमारास, अशा मुलांची प्रगतिपत्रके सत्रसमाप्तीची वाट न पाहता छापून ठेवावी. आईवडील जाण्यापूर्वी एक प्रत त्यांच्या हाती द्यावी, आणि जमल्यास नव्या गावच्या शाळेस तिचे छायाचित्र पाठवावे. ते छायाचित्र त्या शिक्षकासच पाठवावे. पालकांच्या समूहावर संपूर्ण वर्गाचा तक्ता टाकू नये. कोणाचे मूल ई-२ मध्ये आहे हे शेजाऱ्यास कळविण्याचा अधिकार शाळेस नाही.

पुष्कळ पालकांस, विशेषतः कामावर येणाऱ्या मातांस, छापील पत्रक वाचता येत नाही. त्यांना बसवून ते वाचून दाखवावे, आणि श्रेणीपेक्षा नोंदीचे वाक्य आधी वाचावे. घरात मुलाकडून काय करवून घेता येईल, हे त्याच वेळी सांगावे. नाणी मोजणे सर्वांच्या घरी शक्य असते.

निकालपत्रकाची छापील प्रत मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीने बांधून जनरल रजिस्टराजवळ ठेवावी. फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर व दुसरी शाळेच्या ई-मेलवर असावी. पासवर्ड कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवू नये, आणि बदली झालेल्या शिक्षकाकडून तो कार्यमुक्तीच्या दिवशीच नव्या शिक्षकाच्या समक्ष बदलून घ्यावा.