थोरल्या भावाला सांगितलेली गोष्ट

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे खंडेश्वराच्या दर्शनास टेकडीकडे निघालेल्या माणसाला वाटेत निदान दहा जण ‘कुठं निघाले जी?’ म्हणून विचारतात आणि त्या दहांतले चौघे कोणत्या ना कोणत्या नात्याने त्याचे सोयरे निघतात, तिथे समुपदेशकाला गुपित राखणे फार कठीण जाते. कारण चौकशी करणारा बहुधा मायेनेच चौकशी करीत असतो. माझ्या हातून कसूर झाली ती अशाच एका मायाळू माणसासमोर. पुढील हकिकतीत गाव, वर्ष आणि पीक मी हेतुपुरस्सर बदलले आहे.

सोयाबीन ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पिवळे पडले, त्या वर्षी चाळिशीचा एक शेतकरी माझ्याकडे येऊ लागला. पहिल्या दोन भेटींत तो केसपेपरची घडी घालीत आणि उलगडीत बसला. तिसऱ्या भेटीत, घड्या पडून पडून त्या कागदाला मधोमध भोक पडले तेव्हा, बायकोचे दागिने तिला न सांगता सावकाराकडे गहाण टाकल्याचे त्याने सांगितले. त्याला झोप नव्हती, परंतु जीव देण्याचा विचार त्याच्या मनात नव्हता. हे मी स्पष्ट शब्दांत विचारून घेतले होते.

आठवड्याने त्याचा थोरला भाऊ आला. “ताई, आमचा धाकला तुमच्यापाशी काय बोलते जी? घरात तं तोंडच उघडत नाही,” असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले. दागिने सुटले तर ओझे उतरेल, आणि सोडवू शकेल तर हाच, अशा हिशेबाने मी त्याला सारे सांगितले. त्याने घरी जाऊन भावजयीसमोर विषय काढला. दोन दिवसांत गोष्ट पारावर गेली. धाकटा एकदाच परत आला, उभ्यानेच म्हणाला, “तुमच्यापाशी बोललो थे गावात कसं गेलं जी?” आणि तो जीर्ण केसपेपर टेबलावर ठेवून निघून गेला.

दागिने सुटले, हे मला नंतर कळले. त्यामुळे माझा निर्णय योग्य ठरत नाही; कारण ज्या एका ठिकाणी तो बोलू लागला होता, ते ठिकाण मी त्याच्यासाठी बंद केले.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे तेविसावे कलम मी तोवर परीक्षेपुरते वाचले होते. उपचार घेणाऱ्याची माहिती गोपनीय राखावी, असा त्या कलमाचा दंडक आहे. जिवाला धोका असेल अथवा दुसऱ्या कोणास इजा होण्याचा संभव असेल तर अपवाद आहेत, आणि दुसऱ्याची इजा टाळण्यासाठी बोलावे लागले तरी तेवढ्यापुरतेच बोलण्याची मुभा आहे. थोरल्या भावाची माया कोणत्याही अपवादात बसत नव्हती.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना, आणि 2015 साली विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात दारोदार जाणाऱ्या आशाताईंना तर आवर्जून सांगते, की मर्यादा पहिल्याच भेटीत, माणूस मन मोकळे करण्याआधी सांगावी: तुमच्या जिवाचा प्रश्न आला तर मी गप्प बसणार नाही, पण कोणाला काय सांगते ते आधी तुम्हांलाच सांगेन. नातलग आला तर त्याचे म्हणणे अवश्य ऐकावे. ऐकण्याने गुपित फुटत नाही. सांगण्याची वेळ आली की संबंधिताची इजाजत घ्यावी, आणि शक्यतो त्याच्याच तोंडून, आपल्यासमोर, ते सांगवावे. आपला सोयरा, आपले कूळ किंवा ज्याचे आपण देणे लागतो असा माणूस आला, तर त्याला दुसऱ्या समुपदेशकाकडे किंवा 14416 या टेलिमानस क्रमांकाकडे वाट दाखवावी. मन द्विधा झाले तर नाव-गाव न उच्चारता ज्येष्ठाचा सल्ला घ्यावा. मी त्या दिवशी एक फोन केला असता तर पुरे होते.

नोंदवहीबद्दलही हयगय नको. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला 1 लाखाची मदत द्यावी की नाही याची सरकारी चौकशी होते, आणि प्रकरण पात्र की अपात्र हे ठरताना कागदावरच्या एकेका शब्दाला वजन येते. ‘कधीमधी दारू घेतो’ असे सांगणाऱ्यापुढे घाईत ‘व्यसनी’ लिहून मोकळे होणाराने, तो शब्द उद्या कोणाच्या दप्तरात जाईल याचा विचार केलेला नसतो.

माझ्या खोलीच्या खिडकीखाली रांगेतल्या लोकांसाठी बाक होता. तो मी उचलवून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येणारी माणसे भेटतात, तेव्हा मी आपण होऊन ओळख दाखवीत नाही; त्यांनी हात जोडले तरच जोडते. तो शेतकरीही दिसतो, कधी भाजीच्या दुकानापाशी, कधी एसटीची वाट पाहत. मी थांबते. तो अद्याप दुसरीकडे पाहतो.