जुना डॉक, नवा आयपॅड

प्रश्न : माझ्याकडे आयपॅड २ च्या काळातला अलेसिस आयओ डॉक आहे. त्यावर तबला-पेटीचं रेकॉर्डिंग करतो. आता यूएसबी-सीचा नवा आयपॅड घेतलाय. दोघांचं जमेल का?

उत्तर : सरळ जमणार नाही. तुमचा डॉक ३० पिनांच्या जोडणीसाठी बनलाय. ॲपलने २०१२ मध्ये लाइटनिंग आणलं आणि तुमच्या आयपॅडवर आता तेही नाही. अडॅप्टरला अडॅप्टर जोडून खटाटोप करण्याच्या भानगडीत पडू नका; ऐन मैफलीत आवाज गेला तर काय करणार? डॉकच्या मागच्या यूएसबीवरही भिस्त नको. तिथून फक्त मिडी जातं, आवाज नाही.

नव्या आयपॅडला वेगळा ड्रायव्हर न लागणारा, म्हणजे ‘क्लास कंप्लायंट’, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस थेट लावा. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर हवाच. तुमचे माइक आणि एक्सएलआर केबल तसेच चालतील.

आयपॅड २ अजून धडका असेल तर डॉक मोडीत काढू नका. तो आयपॅड आयओएस ९ वरच थांबलाय, पण आधीपासून असलेल्या ॲपवर रेकॉर्डिंग होईल. फाइल संगणकावर उतरवा, मिक्सिंग नव्यावर करा.