घरी शिकणारी कुमारवयीन मुले आणि त्यांचे समाजजीवन

शाळेच्या हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, असा विद्यार्थी शिक्षकाच्या नजरेस सहसा पडत नाही. तथापि घरी राहून शिकणारी कुमारवयीन मुले अनेक गावांत असतात. कोणाला दीर्घ आजारामुळे घरी राहावे लागते. कोणाच्या पालकांना कामानिमित्त वारंवार गाव बदलावे लागते. काही पालक विचारपूर्वक मुलांना घरीच शिकवितात. पुढील शाळा लांब आहे म्हणून घरी राहिलेल्या मुलींचाही विचार येथे केला पाहिजे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो ६ ते १४ वर्षांच्या बालकांसाठी आहे. त्या वयाचे मूल शाळेपासून वंचित राहिलेले आढळल्यास त्याला शाळेत आणण्यासाठी झटणे, हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. प्रस्तुत पाठात विचार आहे तो त्यापुढील वयाच्या मुलांचा. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत त्यांना परीक्षा देता येते. राज्य मंडळाच्या परीक्षेस १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बसता येते. परीक्षेचा मार्ग असा मोकळा आहे. परंतु परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे शिक्षण पुरे झाले, असे मात्र नव्हे.

शाळा पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुष्कळ काही न सांगता शिकविते. रांगेत थांबणे, न आवडणाऱ्या सोबत्याशेजारी बाकावर बसणे, खेळात हरल्यावर पुन्हा त्याच मैदानावर उतरणे, सकाळचे भांडण दुपारच्या डब्यावर मिटविणे, हे सारे धडे सहवासातूनच मिळतात. घरात वडीलधारी माणसे मुलाचे हट्ट सांभाळून घेतात आणि धाकटी भावंडे त्याचा धाक मानतात. बरोबरीच्या, परक्या माणसाशी जमवून घेण्याचा प्रसंग तेथे क्वचितच येतो. असे मूल विद्येने हुशार पण चार माणसांत अबोल होण्याचा धोका असतो. मुलीच्या बाबतीत तर ‘घरी अभ्यास करते’ या शब्दांआड दिवसभर केवळ घरकामच चालू असण्याचा संभव असतो.

या प्रश्नावर महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण उद्बोधक आहे. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे झाला. माहेरी मुलींना शिकविण्याची रीत नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तो बालविवाह होता आणि ती प्रथा सर्वथा त्याज्यच आहे. येथे घ्यावयाचे ते त्यांच्या शिक्षणाचे उदाहरण. रानडे यांनी त्यांना घरीच लिहावयास-वाचावयास शिकविले. घरातील वडील स्त्रियांना हे रुचत नव्हते. त्यांचा रोष आणि उपहास सोसूनच रमाबाईंनी अभ्यास चालू ठेवला.

परंतु घरातील दिव्याजवळ मिळालेली विद्या तेथेच राहिली नाही. नाशिक येथे असताना हायस्कुलातील एका समारंभात त्यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले. भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. पण अनोळखी लोकांसमोर उभे राहून ते करण्याचे धैर्य मात्र रमाबाईंना स्वतःच एकवटावे लागले. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यास आर्य महिला समाज स्थापन केला, तेव्हा रमाबाई रानडे त्याच्या कार्यात सहभागी झाल्या. पुढे १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाची धुरा त्यांनी वाहिली आणि अनेक स्त्रियांना अध्यापन व रुग्णपरिचर्येचे शिक्षण मिळण्याची सोय झाली.

या क्रमात घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलासाठी चार पायऱ्या दिसतात: प्रथम चार माणसांत जाणे, मग तेथे बोलणे, मग नियमाने येत राहणे आणि शेवटी एखादे काम अंगावर घेणे. पालक बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतात. मुलाला जत्रेला नेले, लग्नसमारंभास नेले, म्हणजे त्याला समाज मिळाला अशी त्यांची समजूत असते. परंतु तेथे ते मूल पाहुणे असते. ज्या ठिकाणी आपण न गेल्यास काम अडेल, तेच ठिकाण मुलाला आपले वाटू लागते.

या कामी प्राथमिक शिक्षकास पुष्कळ साहाय्य करता येईल. सायंकाळच्या खेळात अशा मुलाला सामील करून घ्यावे. गावात वाचनालय असल्यास आठवड्यातील ठरलेल्या वारी पुस्तकांची देवघेव त्याच्याकडे सोपवावी. तालीम, लेझीम पथक, भजनी मंडळ, नाटकाची तालीम यांतही त्याला स्थान मिळवून द्यावे. शाळेशी न जोडलेली स्काऊट-गाईडची खुली पथकेही असतात. जवळपास असे पथक असल्यास पालकांना त्याची माहिती द्यावी. चौथीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखविण्याचे काम एखाद्या घरी शिकणाऱ्या मुलीला दिल्यास तिचा संकोच जातो आणि लहान मुलांनाही ताई मिळते. मुलींच्या बाबतीत दिवेलागणीपूर्वीची वेळ, जाण्या-येण्यास सोबत आणि पालकांशी आधी प्रत्यक्ष बोलणे, ही पथ्ये शिक्षकाने अवश्य पाळावीत. त्यांवाचून पालकांचा विश्वास बसत नाही.

हल्ली मोबाईलवर धडेही मिळतात आणि मित्रही. दूर राहणाऱ्या किंवा आजारी मुलास त्याचा मोठाच आधार होतो. तथापि तेथे मतभेद झाला की बोटाच्या एका स्पर्शाने संबंध तोडता येतो. मैदानावर ज्याच्याशी भांडण झाले, त्याच्याच हाती दुसऱ्या दिवशी चेंडू द्यावा लागतो. हा दुसरा धडा मोबाईलवर मिळणे कठीण आहे.

घाई मात्र करू नये. लाजऱ्या मुलास पहिल्याच दिवशी भाषणास उभे केल्यास ते पुन्हा येणार नाही. आरंभी एकच काम, एकच वार आणि एकच ओळखीचा सोबती पुरेसा आहे. काही आठवड्यांनी एखाद्या दिवशी ते आले नाही आणि इतर मुलांनी आपण होऊन त्याची चौकशी केली, तर त्या मुलाचे नाव हजेरीपटावर नसले तरी गावाच्या मनात नोंदले गेले, असे शिक्षकाने समजावे.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात घरी राहून शिकणारी कुमारवयीन मुले किती? त्यांची कारणे कोणती?

२. त्यांपैकी प्रत्येकास सोपविता येईल असे नियमित काम कोणते?

३. मुलींच्या सहभागात कोणत्या अडचणी येतात? त्या दूर करण्यासाठी पालकांशी कसे बोलावे?