पेटीवाल्याच्या वहीतले दोन रकाने

साथीदाराचं काम एका दिवसात बंद होत नाही. ते हळूहळू आटतं, म्हणून लवकर लक्षात येत नाही. मी नागपूरच्या बेसा भागात राहतो, सुगम संगीताच्या कार्यक्रमांत पेटी वाजवतो. नागपुरात हौशी गायक वाढले, पण त्यातले बरेचजण कराओके ट्रॅकवर गाऊ लागले. कार्यक्रम वाढूनही वादकांच्या तारखा घटल्या. मग मार्च 2020 मध्ये सभागृहांना कुलपं लागली आणि होत्या त्या तारखाही गेल्या.

त्या सक्तीच्या सुट्टीत एका वहीत मागच्या वर्षाची बिदागी महिन्यावार मांडली. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट आणि लग्नसराई वगळता फारसं काही नव्हतं. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, कार्यक्रम सोडून लोक माझ्याकडे कशासाठी येतात? गाण्याची पट्टी ठरवायला, भजनी मंडळाला चाल बसवून घ्यायला, शेजारच्या फ्लॅट स्कीममधल्या पोरांना सरगम शिकवायला. आणि सगळ्यात जास्त, ‘भाऊ, पेटी बेसूर झाली, जरा पाहता का?’ म्हणून.

माझी पुढची वाट या रकान्यातून निघाली. इथल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, लाकूड आकसतं आणि सांध्यांतून हवा गळते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. म्हणजे दुरुस्तीचं काम ऋतूच आणून देतात. एका जुन्या कारागिराच्या हाताखाली बसून ते शिकलो. रीडची पितळी जीभ टोकाकडे खरवडली तर सूर चढतो, बुडाकडे खरवडली तर उतरतो. जास्त खरवडलं गेलं तर ते पितळ परत लावता येत नाही. इथे अनेक वर्षं साथ करून तयार झालेला कान उपयोगी पडला. आज दुरुस्ती आणि शिकवणीवर घर चालतं. साथही सुरू आहे.

या वळणावर उभ्या असलेल्यांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, स्वतःला ‘मला काय आवडतं’ एवढंच विचारू नका. संगीत आवडतं, हे ठाऊकच आहे. आपल्या कानावर आणि हातावर लोकांचा आधीपासून कशासाठी भरवसा आहे, ते शोधा.

दुसरी, यंत्रं घेण्याची घाई करू नका. माझ्या ओळखीच्या एका तबलजीनं सगळे करतात म्हणून हप्त्यांवर घरीच स्टुडिओ थाटला. रेकॉर्डिंगची त्याला ना सवय होती, ना गिऱ्हाईक. हप्ते मात्र वेळेवर येत राहिले. आधी काम मिळवा, मग सामान घ्या.

तिसरी, नवं काम दुय्यम समजून करू नका. परक्याच्या पेटीला हात लावण्याआधी भंगारातल्या पेटीवर हात बसवा. शिकवणार असाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण या सात परीक्षांपैकी कुठवर नेता येईल, ते पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यापुढे विद्यार्थ्याला योग्य गुरूकडे पाठवा. शिकवणीचा लौकिक अशानंच टिकतो.

चौथी, रियाजाची वेळ कुणाला देऊ नका. पोट दुरुस्तीवर चालू लागलं की वाजवणं मागे पडतं, आणि वाजवणं सुटलं की दुरुस्तीचा कानही बोथट होतो.

‘दुसरं काम धरलं म्हणजे कलावंत संपला’ असं टोचणारे भेटतीलच. त्यांना गायक वसंतराव देशपांड्यांची आठवण करून द्यावी. मूर्तिजापूरला 1920 साली जन्म, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे तालीम आणि पुढे पुण्यात लष्कराच्या हिशोब खात्यात अनेक वर्षांची नोकरी. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं 1967 मध्ये. त्या नाटकातला त्यांचा खाँसाहेब लोकांनी पाहिला तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. ती प्रतिभा आपल्यात नसेल, पण कचेरीत हिशोब तपासल्यानं गळा खराब होत नाही, एवढं तर त्यावरून कळतंच.

मला झालेला खरा फायदा पैशापेक्षा वेगळा आहे. पूर्वी तारीख हातची जाईल या धास्तीनं मी बिदागीचं बोलणं शेवटी काढायचो, कधी काढायचोही नाही. आता आकडा आधी सांगतो. आयोजकाला परवडला नाही, तर राम राम करून मोकळा होतो.