डोळ्यांची तपासणी : संपूर्ण शरीराची काळजी

दृष्टिपटल, अर्थात डोळ्याचा पडदा, हा मेंदूचाच विस्तार आहे. त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेविना प्रत्यक्ष पाहता येतात. म्हणूनच मधुमेह व उच्च रक्तदाबाचे दुष्परिणाम नेत्रतपासणीत आढळतात. रुग्णाला मात्र प्रारंभी काहीच जाणवत नाही.

• मधुमेह असल्यास, दृष्टी उत्तम असली तरी, वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करून घ्यावी.
• बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते. सोबतीस कोणी आणावे, वाहन चालवू नये.
• रक्तातील साखर व रक्तदाब नियंत्रणात ठेवावा. तंबाखूचे सेवन टाळावे.
• अकस्मात दृष्टी गेल्यास किंवा एकाचे दोन दिसू लागल्यास तो पक्षाघात असू शकतो. विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रायपूर येथील डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय व एम्स येथे नेत्ररोग विभाग आहेत.