गिधाडे आणि गुरांचे औषध

गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर गिधाडांचा थवा काही तासांत फस्त करी. आज बहुतेक मुलांना गिधाड केवळ चित्रातच दिसते. याचे कारण सांगताना शिक्षकांनी कोणास दोष देण्याची घाई करू नये. डायक्लोफेनॅकने गुरांची सूज व वेदना खरोखरच कमी होत. परंतु हे औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. संशोधकांनी २००४ साली हे उघड केले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतातून जवळजवळ नाहीशी झाली होती. २००६ मध्ये गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. पर्यायी मेलॉक्सिकॅम गुरांस गुणकारी, गिधाडांस निरुपद्रवी आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. दहा जोड्यांपासून शंभर पक्षी होण्यास किती काळ लागेल, हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा.